विद्येस वय आहे काय?

गेल्या सहामाहींत आमच्या एका विद्यार्थ्यानें मोठ्या संकोचानें आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याचे वडील चाळिशी ओलांडलेले व नोकरींत स्थिरावलेले. ते आतां नोकरी सोडून एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठीं इंग्लंडांतील विद्यापीठांत जाणार होते. ‘मुलगा शाळेंत आणि बापहि शाळेंत!’ म्हणून आळींतले लोक हंसत. ‘वडिलांचें हें करणें योग्य आहे काय?’ असें त्यानें विचारलें. त्या वेळीं घाईनें दिलेलें उत्तर आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. म्हणून तें येथें सविस्तर देत आहों.

प्रथम हंसणारांविषयीं. विद्या ही बाळपणींच घ्यावयाची वस्तु, असा आपल्याकडे एक ग्रह आहे. तो आपल्याच इतिहासानें खोटा ठरविला आहे. रखमाबाईंचीं ऐन तारुण्यांतलीं वर्षें कोर्टकचेरींत गेलीं. त्यानंतर १८८९ सालीं त्या विलायतेस गेल्या व लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून डॉक्टर झाल्या. डॉ. आंबेडकर यांस शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. पुढें ते मुंबईच्या सिडनम कॉलेजांत प्राध्यापक झाले. परंतु १९२० सालीं, वयाच्या २९ व्या वर्षीं, ती खुर्ची सोडून ते पुन्हां विद्यार्थ्यांच्या बाकावर जाऊन बसले, आणि १९२३ सालीं त्यांनीं डी. एस्‌सी. ही पदवी मिळविली. शिकविणारानें पुन्हां शिकावयास बसणें यांत कमीपणा कसला?

तथापि ह्या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. डॉ. आंबेडकर लंडनांत शिकत असतां इकडे मुंबईंत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवीत होत्या. प्रौढ विद्यार्थी एकटा परदेशीं जातो, परंतु परीक्षा सगळ्या घराची होते. इंग्लंडच्या सरकारनें २०२४ च्या जानेवारीपासून नियम कडक केले असून, संशोधनाच्या पदव्या व कांहीं सरकारी शिष्यवृत्त्या सोडल्यास विद्यार्थ्यास बायकामुलें बरोबर नेतां येत नाहींत. पदवीच्या विद्यार्थ्यास सत्र चालू असतां आठवड्यास २० तासांहून अधिक काम करण्याची मनाई आहे. तेव्हां तेथें मिळवून येथें धाडूं, हा हिशेब बहुधा चुकतो. शिष्यवृत्ती मिळेल म्हणावें, तर आपल्या केंद्र सरकारच्या परदेश-शिष्यवृत्तीस ३५ वर्षांची मर्यादा आहे.

म्हणून पालकांस आमचें सांगणें असें कीं, जावें. पण तीन गोष्टींचा विचार करून जावें. जी विद्या घ्यावयाची ती कोणत्या कामासाठीं, हें स्पष्ट सांगतां यावें. केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांत नांव व्हावें म्हणून राहतें घर गहाण टाकणें हें विद्याप्रेम नव्हे. दुसरें, खर्चाचा व विरहाचा हिशेब पत्नीपुढें व मुलांपुढें उघड मांडावा. तिसरें, अधिकार येथेंच ठेवून जावें. आपल्याहून दहा वर्षांनीं लहान असलेल्या अध्यापकानें निबंधावर तांबड्या शाईच्या रेघा ओढल्या, तर त्या निमूटपणें वाचण्याची तयारी ज्याची नाहीं, त्यानें जाऊंच नये. ज्याची आहे, त्याच्यापाशीं मात्र तरुणांजवळ क्वचित् आढळणारें एक भांडवल असतें: आपण येथें कशास आलों, हें त्यास ठाऊक असतें.

आतां दोन शब्द विद्यार्थ्यांसाठीं. ज्याचे वडील किंवा आई अशी शिकावयास गेली असेल, त्यानें लाजूं नये. तुम्हांस ‘अभ्यास कर’ असें सांगणारे पुष्कळ आहेत. स्वतः अभ्यास करून दाखविणारे थोडे. आमचा तो विद्यार्थी आतां घरच्या पत्रांचा व विजेच्या बिलाचा हिशेब ठेवतो, धाकट्या बहिणीची उजळणी घेतो. हिवाळ्यांत इंग्लंडचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें. तो रात्रीं नऊ वाजतां वही मिटतो, तेव्हां तिकडे दुपारचे साडेतीन झालेले असतात व वडील वर्गांत बसलेले असतात. परवां तो आम्हांस म्हणाला, ‘गुरुजी, ह्या वेळीं बाबांस माझ्याहून कमी गुण पडले!’ हें सांगतांना तो हंसत होता. परंतु तें हंसणें आळींतल्या लोकांचें नव्हतें.