चढ पाहून सायकल द्या

तैवान हे नकाशात लहानसे दिसणारे बेट आहे; पण त्याच्या पाठीवरचे डोंगर मुळीच लहान नाहीत. या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हुआलिएनजवळ सायकलस्वार समुद्राच्या काठावरून निघतात आणि 105 किलोमीटर सायकल चालवून 3275 मीटर उंचीच्या वूलिंग खिंडीत पोहोचतात. आपले कळसूबाई 1646 मीटर उंच आहे. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंची हे लोक एका दिवसात, केवळ पायांच्या बळावर गाठतात. या मार्गावरची शर्यत 2012 साली सुरू झाली.

आता एक साधा भागाकार करा. 105 किलोमीटरला 3275 मीटर, म्हणजे सरासरी 32 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर. हा चढ काही फार मोठा नव्हे. पण सरासरी माणसाला फसवते. शेवटच्या टप्प्यात काही ठिकाणी 5 मीटरला 1 मीटर किंवा त्याहूनही अधिक चढ आहे, आणि शर्यतीची खरी परीक्षा तेथेच होते. तेथे स्वार काय करतो? साखळी पुढच्या लहान आणि मागच्या मोठ्या दंतचक्रावर घेतो आणि सावकाश पाय फिरवत राहतो. जगातले नामांकित सायकलपटूसुद्धा यात कमीपणा मानत नाहीत.

हे सांगण्याचे कारण निराळेच आहे. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवळासाठी आणि तेथील माकडांसाठी प्रसिद्ध आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही भूम-वाशीच्या बाजूला गेलात की बालाघाटचे चढ लागतात. ‘बाला’ या फारसी शब्दाचा अर्थ ‘वरचा’. घाटाच्या वरचा प्रदेश तो बालाघाट. सपाट मुलखातून उठलेले हे पठार म्हणजे एक प्रकारचे बेटच, फक्त भोवती पाण्याऐवजी शेते आहेत. या भागात वाड्या-वस्त्यांवरून शाळेत जाणारी मुले-मुली रोज असे चढ चढतात. त्यांच्या सायकलीला मात्र गिअर नसतो.

गेल्या काही वर्षांत शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळाले आहे. योजना चांगलीच आहे. पण सपाट रस्त्यावरच्या मुलीला आणि डोंगरावरच्या मुलीला सारखीच सायकल मिळावी, हे मला पटत नाही. माझे म्हणणे मान्य करण्याआधी तुम्ही स्वतः हिशेब करून पाहा.

मुलीचे वजन 40 किलो, सायकल 20 किलो आणि दप्तर 5 किलो धरू. एकूण 65 किलो. हे ओझे 100 मीटर उंच नेण्यासाठी 65 × 9.8 × 100, म्हणजे सुमारे 64 हजार जूल कार्य करावे लागते. किलोकॅलरीत हे जेमतेम 15 होतात. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा ते पाचवा हिस्साच कार्यात उतरवतात. म्हणून अन्न लागेल 60 ते 75 किलोकॅलरींचे. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 350 किलोकॅलरी असतात. म्हणजे 100 मीटरच्या चढाला सुमारे 20 ग्रॅम पीठ पुरते. अर्ध्या भाकरीचीही गरज नाही!

मग धाप का लागते? मुलगी खाली उतरून सायकल ढकलत का नेते? उत्तर ऊर्जेत नाही, बलात आहे.

अनेक साध्या सायकलींत पुढच्या चक्राला 44 आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 दाते असतात. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक 44 भागिले 18, म्हणजे जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाकाचा परीघ सुमारे 2.2 मीटर, म्हणून सायकल 5.4 मीटर पुढे जाते. एवढ्या वेळात पाय मात्र 17 सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फक्त 1.07 मीटर फिरतो. पायाने अंतर पाचपट कमी कापले. तेव्हा बल पाचपट जास्त लावले पाहिजे. हा नियम तुम्ही तरफेच्या पाठात शिकला आहातच.

डोंगराळ भागातील मोठे रस्ते आखताना अभियंते चढ शक्यतो 20 मीटरला 1 मीटर एवढाच ठेवू पाहतात. म्हणून तर घाटात वळणे असतात. अशा चढावर 65 किलोचे ओझे सुमारे 32 न्यूटन बलाने मागे ओढले जाते. चाकांचा रस्त्याशी होणारा विरोध 6 न्यूटन धरला तर एकूण 38 न्यूटन. याच्या पाचपट म्हणजे 190 न्यूटन. शिवाय पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना पायाचा दाब वायाच जातो. ती तूट भरून काढायला प्रत्यक्ष दाब सुमारे 300 न्यूटन, म्हणजे 30 किलो वजनाइतका हवा. मुलीचे स्वतःचे वजन 40 किलो! प्रत्येक फेऱ्याला दोन वेळा तिला आपल्या वजनाचा पाऊण हिस्सा पायडलवर टाकावा लागतो.

वस्तीकडे जाणारे रस्ते याहून उभे असतात. 15 मीटरला 1 मीटर चढ असेल तर हाच दाब जवळजवळ 40 किलोवर जातो, म्हणजे तिच्या पूर्ण वजनाएवढा. ती पायडलवर उभी राहिली तरी सायकल कशीबशी हलेल. अशा वेळी उतरून ढकलणाऱ्या मुलीला कोणी ‘नाजूक’ म्हणत असेल, तर त्याला हा हिशेब दाखवा. ती आळशीही नाही आणि दुबळीही नाही. तिच्या सायकलीचे दाते सपाट रस्त्यासाठी निवडलेले आहेत, एवढेच.

काही जण म्हणतील, गिअर ही चैन आहे. त्याने मुलांना आयते चढायची सवय लागेल. हा समज चुकीचा आहे. गिअरमुळे कार्य रतिभरही कमी होत नाही. 64 हजार जूल ते 64 हजार जूलच राहतात. फक्त ते थोड्या बलाने आणि जास्त फेऱ्यांत करता येते. विहिरीतून पाणी काढताना मोठी घागर एकदा ओढण्याऐवजी कळशी दोनदा ओढावी, तसेच हे.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. गिअरची सायकल महाग पडते, आणि तिची दुरुस्ती गावातल्या सायकलच्या दुकानात होईलच असे नाही. बंद पडलेली भारी सायकल चालणाऱ्या साध्या सायकलीपेक्षा वाईटच. म्हणून मी गिअरचा आग्रह धरत नाही. माझी सूचना अगदी साधी आहे: चढाच्या गावांत 18 दात्यांऐवजी 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवून सायकल द्यावी. साखळीला एखादी कडी वाढवावी लागेल, बाकी सारे तेच. 20 मीटरला 1 मीटर चढावरचा 30 किलोचा दाब त्यामुळे 25 किलोवर येतो, आणि 15 मीटरला 1 मीटर चढावरचा 40 किलोचा दाब 32 वर. पूर्ण वजन टाकावे लागणे आणि पाचवा हिस्सा हाताशी शिल्लक राहणे यांत उतरणे आणि चढत राहणे एवढा फरक आहे.

याची किंमत सपाटीवर मोजावी लागते. मिनिटाला 60 फेरे मारले तर ताशी 19 किलोमीटरच्या जागी सुमारे 16 किलोमीटर वेग मिळेल. 4 किलोमीटरच्या वाटेत 3 मिनिटे जास्त लागतील. ज्याची वाट सपाट आहे त्याने ही 3 मिनिटे का गमवावीत? म्हणूनच सर्वांना एकच माप लावू नये, असे मी म्हणतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चढताना साठवलेले 64 हजार जूल उतरताना परत येतात. त्यांतले काही हवेचा विरोध घेतो, उरलेले ब्रेकला उष्णतेच्या रूपाने घालवावे लागतात. 25 अंश सेल्सिअसचे 200 मिलिलिटर पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. आणि पावसात पोलादी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर नीट पकडत नाही. तेव्हा चढाच्या गावात झिजलेले ब्रेक-रबर बदलणे ही टाळण्याजोगी गोष्ट नव्हे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, यंदा उतरण आणि तरफ हे पाठ वर्गाबाहेर शिकवा. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी आणि एक मोजपट्टी एवढ्याने चढ मोजता येतो. रस्त्यावर 10 मीटर अंतर आखा, दोन्ही टोकांना काठ्या उभ्या धरा, नळीतले पाणी दोन्हीकडे एका पातळीत असते त्यावरून उंचीतला फरक काढा. फरक 50 सेंटिमीटर आला तर चढ 20 मीटरला 1 मीटर. मुलांनी आपापल्या वाटेवरचे असे चढ मोजावेत, आपल्या सायकलीचे पुढचे-मागचे दाते मोजावेत आणि शाळेने त्यांचा एक तक्ता करावा. पुढच्या वेळी सायकली यायच्या असतील तेव्हा मुख्याध्यापकांनी तो तक्ता मागणीपत्राला जोडावा. “आम्हांला चढ जड जातो” या तक्रारीकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. “या 14 मुलींच्या वाटेवर 15 मीटरला 1 मीटर चढ आहे, त्यांना 22 दाते हवेत” असे लिहिले, तर त्याला उत्तर द्यावेच लागते.