मोजके पैसे आणि मोठे शहर

मुंबई आपल्या माणसाला नवी नाही. आपले आजे-पणजे तिथल्या गिरण्यांत राबले, गोदीत हमाली केली, रेल्वेच्या रुळांवर घाम गाळला. आजही आपला तरुण कामासाठी तिथल्या नाक्यावर उभा राहतो, नाही तर परीक्षेचे हॉलतिकीट हातात घेऊन दादरला उतरतो. सहा डिसेंबरला आपण लाखोंनी जातो. मोर्चा असला की आझाद मैदानात बसतो. पण नुसते शहर पाहायला, पाठीवर सॅक टाकून चार दिवस हिंडायला मुंबईला गेलो, असे आपल्या वस्तीतले किती जण सांगतील? विचारले तर उत्तर ठरलेले असते : "ते पैसेवाल्यांचे काम. मुंबईत पाय ठेवला की शंभराची नोट मोडते."

हे उत्तर अगदीच खोटे नाही. म्हणूनच गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही आणि आमच्या पत्नी, वस्तीतल्या अभ्यासिकेची पाच मुले घेऊन मुंबईला गेलो. तीन मुली, दोन मुलगे. कुणाचे वडील बिगारी, कुणाची आई आशा सेविका, कुणाचे वडील रिक्षा चालवतात. रेल्वेची तिकिटे आधीच काढली होती. बाकी खर्चासाठी माणशी २,००० रुपये, म्हणजे सातांचे १४,००० रुपये एका पिशवीत जमा केले. हिशेबाची वही एका मुलीकडे दिली. तिच्या वडिलांनी परवानगी देताना एकच अट घातली होती. "भाऊ, पोरीला पैशापायी कुणापुढं हात पसरायची वेळ येऊ देऊ नका." ही अट आम्हांला चारही दिवस आठवत राहिली.

पहिली फजिती गाडीतून उतरताच झाली. आमचे एक वयोवृद्ध स्नेही परळच्या गिरणीतून निवृत्त झालेले. ते आम्हांला घ्यायला दादरला येणार होते. फोनवर त्यांनी सांगितले, "सेंट्रलच्या एक नंबरवर थांबा." आम्ही देवगिरी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरलो आणि पाट्या वाचत, पूल ओलांडत, सॅका सांभाळत एक नंबरवर गेलो. तो निघाला वेस्टर्न रेल्वेचा. झाले असे की ९ डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक दिले गेले. वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले आणि सेंट्रलचे ८ पासून १४ पर्यंत झाले. जुना सेंट्रलचा एक नंबर आता आठ नंबर आहे. आमचे स्नेही त्या आठ नंबरवर एक नंबर म्हणून उभे, आणि आम्ही खऱ्या एक नंबरवर! अर्धा तास गेला. भेटल्यावर जयभीम करून म्हणाले, "चाळीस वर्षं याच स्टेशनातून कामाला गेलो, आणि आता मलाच स्टेशन विचारावं लागतं." मुले हसली, तेही हसले. पण लक्षात ठेवावे. मुंबईकराने तोंडी सांगितलेला पत्ता बहुधा जुना असतो. प्रभादेवीला तो अजून एल्फिन्स्टन म्हणतो आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला व्ही.टी.

दुसरा प्रसंग लॉजवर. माणशी ३०० रुपयांप्रमाणे सात कॉट ठरल्या होत्या. आम्ही पोहोचलो सकाळी आठला. काउंटरवरचा इसम म्हणाला, आमचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो. आत्ता आत आलात तर कालचा दिवस धरून पैसे पडतील. म्हणजे चार तासांचे २,१०० रुपये! हिशेब ठेवणाऱ्या मुलीने वही मिटली आणि म्हणाली, "आपण बाहेरच थांबू." मग एका स्थानकाच्या सामानघरात सॅका ठेवायला गेलो. तिथे नियम असा की कुलूप लावलेले सामानच ठेवून घेतात. सॅकेला कोण कुलूप लावतो? बाहेरच्या फेरीवाल्याकडून ६० रुपयांची सात कुलुपे घेतली. ४२० रुपये गेले. हीच कुलुपे गावच्या बाजारात निम्म्या पैशांत आली असती. तरी २,१०० वाचले, आणि रात्री लॉजच्या सामायिक खोलीत त्याच कुलुपांच्या भरवशावर सगळे निर्धास्त झोपले.

रविवार पायी गेला. राजगृह पाहिले, चैत्यभूमीला वंदन केले, संध्याकाळी समुद्राकाठी बसलो. मुलगे आधी रिक्षा शोधत होते. दादरला रिक्षा मिळत नाही. मुंबईत रिक्षा वांद्रे आणि शीवच्या अलीकडे, शहरभागात येत नाही. टॅक्सी बसल्याबरोबर ३१ रुपये, आणि सात माणसांना दोन टॅक्सी. बेस्टची बस त्या मानाने स्वस्त. साध्या बसला किमान १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये. मे २०२५ पूर्वी हेच दर ५ आणि ६ होते. कंडक्टरला देण्यासाठी सुटे पैसे मात्र खिशात हवेत.

सोमवारी घारापुरीचा बेत होता. गेटवेला पोहोचल्यावर कळले की सोमवारी लेणी बंद असतात. एकाचा चेहरा एवढासा झाला. त्याला बोटीत बसायचे होते. आमच्या पत्नी म्हणाल्या, "बोट नसू दे, पाय तर आहेत." आणि खरोखरच त्या दिवशी फोर्टमध्ये जे पाहिले त्याला एक पैसा पडला नाही. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पाहिला, टाउन हॉल पाहिला. बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय बाहेरून पाहिले. गरिबाच्या पोराला नोकरी सांभाळून शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग चालत, हे मुलांना सांगितले. आणि ज्या व्ही.टी. स्टेशनात आपण नुसते पळत असतो, ती इमारत २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. समोरच्या पदपथावर उभे राहून ती निवांत पाहता येते. त्याला तिकीट नाही.

पण त्याच दुपारी टाउन हॉलच्या पायऱ्यांवर एका मुलीला चक्कर आली. पाणी शिंपडले, लिंबूपाणी पाजले, सावलीत बसवले. तोंडाला रंग आल्यावर आमच्या पत्नींनी बाजूला घेऊन विचारले, तेव्हा कळले की पोरगी सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती. का? तर आदल्या दिवशी एका स्वच्छतागृहात मुलांना लघवीसाठी पैसे पडले नाहीत आणि मुलींकडून मात्र पाच-पाच रुपये घेतले. सातांच्या पैशांतून आपल्यासाठी पुन्हा पुन्हा पाच रुपये मागायचे कसे, म्हणून तिने पाणीच सोडले. भगिनींनो, हे वाचताना तुमच्यापैकी अनेकींना नवल वाटणार नाही. लग्नाला, बाजाराला, मोर्चाला जाताना आपल्या बायका हेच करतात. पण तहान मारून वाचवलेल्या पाच रुपयांची किंमत शरीर मोजते. त्या संध्याकाळपासून आमच्या पत्नींनी मुलींच्या हाती सुट्या नाण्यांची वेगळी पिशवी दिली. तिचा हिशेब वहीत लिहायचा नाही आणि कुणी विचारायचा नाही, असे ठरवले.

संध्याकाळी परतताना सर्वांत महागडा प्रसंग घडला. सगळ्यांकडे दादरची साधी तिकिटे होती, पाच-पाच रुपयांची. साडेपाचची गर्दी. दोघे मुलगे पुढे होते. गाडी लागली आणि मागच्या लोंढ्याने दोघांना आत ढकलले. आपोआप दारे बंद झाली. ती एसी लोकल होती! साधे तिकीट तिच्यात चालत नाही. आत टी.सी. होता. दंड माणशी किमान २५० रुपये, वर त्या गाडीचे भाडे. दोघांचे मिळून ६०० रुपये झाले. टी.सी.ने रीतसर पावती दिली. तो त्याचे काम करीत होता. दोघांनी स्वतःच्या खिशातले गावाकडून आणलेले पैसे काढून दंड भरला.

रात्री जेवायला बसलो तर दोघांपैकी एक म्हणाला, "मला भूक नाही." आमच्या पत्नींनी त्याच्याकडे नीट पाहिले. हा बिगाऱ्याचा मुलगा. ३०० रुपये म्हणजे त्याच्या बापाची जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी. जेवण सोडून तो दंड फेडू पाहत होता. मग जेवण बाजूला ठेवून सातांची बैठक झाली. एका मुलीचे म्हणणे पडले की पळत पुढे कुणी जायला सांगितले होते, चूक ज्याची दंड त्याचा. दुसरी म्हणाली, गर्दीने कुणालाही ढकलले असते. हिशेब ठेवणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पिशवी सातांची आहे ना? मग दंडही सातांचा. नाही तर आपण एकत्र कशाला आलो?" वहीत '६०० रुपये, दंड, सर्वांचा' अशी नोंद झाली. दोघांचे पैसे परत केले. मग मात्र त्या पोराने चार चपात्या खाल्ल्या.

मंगळवारी बोरिवलीला जाऊन कान्हेरी लेणी पाहिली. राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. दाराचे तिकीट वेगळे, लेण्यांचे २५ रुपये वेगळे. पायऱ्या चढून जरा टेकलो तोच माकडांच्या टोळीने आमची चपाती-चटणीची पिशवी पळवली. सातांचे जेवण झाडावर गेले! वरून चपात्यांचे तुकडे खाली पडताना पाहून आधी हळहळ वाटली, मग हसू आवरेना. खाली येऊन वडापाव आणि केळी घेतली, ३५० रुपये गेले. कान्हेरीला खाण्याची पिशवी हातात ठेवू नये, सॅकेच्या तळाशी ठेवावी.

पण त्या डोंगरावर जे दिसले ते कोणत्याच माकडाला नेता आले नसते. शंभरावर लेणी. तीन नंबरच्या चैत्याच्या ओसरीत दोन बाजूंना दोन भव्य उभे बुद्ध. खोल्यांत दगडात कोरलेले ओटे. आणि लेण्यालेण्याला पावसाचे पाणी धरून ठेवणारी टाकी. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कल्याण-सोपाऱ्याकडचे व्यापारी, गृहस्थ, भिक्खू, भिक्खुणी यांनी दिलेल्या दानाच्या नोंदी तिथे कोरलेल्या आहेत. कुणी खोली दिली, कुणी पाण्याची पोढी दिली. आदल्या दिवशी चक्कर आलेली मुलगी त्या टाक्याच्या काठाशी उभी राहून म्हणाली, "पाण्याची सोय करणाऱ्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलं." त्यावर आम्ही वेगळे काही बोललो नाही.

आता हिशेब. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, त्याशिवाय चैन पडत नाही. कुलुपे ४२०, सामानघर आणि लिंबूपाणी मिळून १५०, दंड ६००, माकडांमुळे ३५०. म्हणजे आडवेळेला १,५२० रुपये गेले. १४,००० मधले हे दहा टक्क्यांहून जास्त झाले. लॉज, जेवण, भाडे यांचा अंदाज आधी बांधता येतो. महाग शहरात गरिबाला बुडवतात ते हे न ठरवलेले खर्च. पैसेवाल्याच्या ते लक्षातही राहत नाहीत. आपल्या पोराचे मात्र त्यापायी जेवण सुटते, पोरीचे पाणी सुटते.

म्हणून जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

एक, एकूण पैशांचा दहावा हिस्सा आधीच बाजूला काढून 'आडवेळ' म्हणून ठेवावा. दोघे-तिघे असाल तर त्याहून थोडा जास्त.

दोन, गावाहून निघतानाच कुलूप, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे घ्यावेत. बाहेर पाण्याची बाटली २० रुपयांना मिळते, स्टेशनवर 'रेल नीर' १४ रुपयांना मिळते, आणि नळाचे पाणी भरून घेतले तर फुकट.

तीन, लॉज ठरवताना 'दिवस किती वाजता सुरू होतो' हे आधी विचारावे. घारापुरी आणि कान्हेरी सोमवारी बंद. रविवारी लोकलवर मेगा ब्लॉक असतो, तेव्हा लांबचा प्रवास ठेवू नये. गाडीत चढण्यापूर्वी डबा पाहावा, फर्स्ट क्लासवर तिरपे पट्टे असतात. गाडीला आपोआप मिटणारी दारे दिसली की आधी तिकीट पाहावे. दिवसभर लोकलने हिंडायचे असेल तर खिडकीवर एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मागावे.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. पैसे एका पिशवीत ठेवावेत आणि दंडही एकाच पिशवीतून भरावा. विचारायला लाजू नये. मुंबईत कुणी कुणासाठी थांबत नाही हे खरे, पण चालता चालता रस्ता सांगणारी माणसे आम्हांला चारही दिवस भेटली.

चार दिवसांनी पिशवीत ३१० रुपये उरले. गावी परतल्यावर ते अभ्यासिकेच्या पेटीत टाकले. मुलीच्या वडिलांनी वही मागून घेतली, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दंडाच्या नोंदीपाशी थांबले, 'सर्वांचा' हा शब्द पुन्हा वाचला आणि म्हणाले, "मे महिन्यात धाकटीला पण घेऊन जा." अभ्यासिकेत पुढच्या सहलीची यादी लागली आहे. तिच्यात आत्तापर्यंत नऊ नावे आहेत. त्यांतली सहा मुलींची आहेत.