पत्रा कापायच्या आधी

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नवे मीटर बसवावेत की बसवू नयेत, हा काही राष्ट्रीय महत्त्वाचा प्रश्न नाही, मान्य आहे. तरी आपल्या कॉलेजात त्यावर मेसच्या भाजीइतकी चर्चा होते, आणि भाजीसारखेच त्या चर्चेतही दोनच प्रकार आलटून पालटून येतात. एक पक्ष ‘ओरिजिनल’वाल्यांचा. कंपनीने दिलं तसंच राहिलं पाहिजे, मग काटा दहा वर्षं हलला नसला तरी बेहत्तर! दुसरा पक्ष म्हणतो, ते डबडं उपटा, पत्रा कापा, सात इंची स्क्रीन बसवा आणि वर निळ्या दिव्यांचे चार डिजिटल मीटर लावा. पहिल्या पक्षात मेकॅनिकलवाले जास्त, दुसऱ्यात आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले. मी इलेक्ट्रॉनिक्सची असूनही दुसऱ्या पक्षात नाही, आणि पहिल्यातही नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं गाव तुडील, महाडच्या खाडीपट्ट्यातलं. आमच्या मोठ्या काकांकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. काका मुंबईला गोदीत नोकरीला होते. रिटायर झाल्यावर बिऱ्हाडाबरोबर गाडीही गावी आली. जुलै २०२१ मध्ये महाडला पूर आला तेव्हा ही गाडी नेमकी पत्र्याच्या कामासाठी महाडात उभी होती. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं. ओसरल्यावर सीटखाली, दारांच्या पोकळीत, हॉर्नमध्ये, बघावं तिथे चिखल. इंजिन उघडून, धुऊन, पुन्हा बांधल्यावर चालू झालं (जुन्या इंजिनाचं हे एक बरं असतं, त्याला ईसीयू नाही!). सीटा नव्या शिवल्या. मीटरचं खोकं मात्र मेलं ते मेलंच. स्पीडचा काटा शून्यावर, पेट्रोलचा मध्येच अडकलेला, टेम्परेचरचा कायम थंडगार.

मिस्त्री म्हणाला, “काढून टाकू. खाली पट्टी मारून गोल मीटर बसवतो, तासाभराचं काम.” काकांचं म्हणणं तिसरंच. “मीटर कशाला हवा? गाडी तापली की वास येतो ना!”

काकांशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही, पण इथे घातला. वास येतो तोपर्यंत हेड गॅस्केट गेलेलं असतं. आणि ही गाडी शोकेसमध्ये ठेवायची नाही, वर्षातून एकदोनदा ती पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाते. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर. त्या उंचीला उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून निभावतं, पण झाकणाचं रबर जुनं झालं असेल तर चढावर, दुसऱ्या गिअरात, मे महिन्यात काय होईल ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. तिथे टेम्परेचरचा काटा ही शोभेची वस्तू नाही.

मग ‘ओरिजिनल’वाल्यांचं म्हणणं कशाला ऐकायचं? ऐकायचं, कारण ही गाडी पुन्हा होणार नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघाली, तीच पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये २० वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. आता सुटा भाग हवा तर भंगारात शोधायचा. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली त्याच कुर्ल्याच्या भंगारबाजारात तिचे मीटर विकायला असतात, यावर कोणीतरी कविता करावी. (मला जमणार नाही.) अशा गाडीचा पत्रा एकदा कापला की कापला. नवा मीटर उद्या बिघडेल, परवा त्या कंपनीचं दुकान बंद होईल, भोक मात्र राहील.

पद्मिनीच्या बाबतीत अडचण अशी की तिचे मीटर सुटे गोल नाहीत, एका खोक्यात एकत्र आहेत. बाजारात मिळणारे जादा मीटर बहुतेक ५२ मिमी व्यासाचे गोल. ते त्या खोक्यात बसतच नाहीत. म्हणूनच मिस्त्रीची पट्टी येते किंवा करवत येते. आणि म्हणूनच माझं मत असं झालं की बाहेरचं काहीच बदलू नये: तबकडी तीच, काटा तोच, काच तीच, दिव्याचा तो मंद पिवळा उजेडही तोच. बदलायचं ते तबकडीच्या मागचं. हे काही मी शोधून काढलेलं नाही. पोर्शने २०२० मध्ये आपल्या जुन्या ९११ गाड्यांसाठी रेडिओ आणि नॅव्हिगेशनचा असा संच काढला की जो मूळ रेडिओच्या खाचेत बसतो आणि दिसतोही जुन्या डॅशबोर्डला शोभेल असा. त्यांना जे परवडतं ते आपल्याला परवडत नाही, पण विचार तर फुकट आहे.

आता तबकडीच्या मागे काय बसवायचं? सगळे एका दमात सांगतात, स्टेपर मोटर. एक्स-२७ जातीची मोटर काडेपेटीहून लहान, ३१५ अंश फिरते, एका पावलाला एक तृतीयांश अंश, आणि तिला इतका कमी करंट लागतो की मायक्रोकंट्रोलरच्या पिनांवरून थेट चालते. इंजिनवर थर्मिस्टर, मध्ये छोटा बोर्ड, मागे मोटर. झालं प्रोजेक्ट, द्या मार्क!

थांबा. या मोटरीची एक खोड व्हायवाला कोणी विचारत नाही. जुन्या काट्याला स्प्रिंग असते किंवा तापून वाकणारी द्विधातूची पट्टी असते. वायर तुटली, फ्यूज उडाला, की काटा आपोआप खाली पडतो. काटा मेला हे तो स्वतःच सांगतो. स्टेपरला परत आणणारी स्प्रिंग नसते. वीज गेली की काटा होता तिथेच थांबतो. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी काटा मध्यावर असताना बोर्ड बंद पडला, तर वर पोचेपर्यंत काटा मध्यावरच! मेलेला मीटर ‘सर्व ठीक आहे’ म्हणत राहतो. पुरात बुडालेला जुना मीटर निदान एवढा खोटारडा नव्हता. उपाय आहे, अवघडही नाही. बोर्डाला एक चांगला मोठा कपॅसिटर द्यायचा, वीज गेल्याचं कळताच उरलेल्या ताकदीत काटा शून्यावर आणायचा. चावी फिरवली की आधी शून्याला टेकून मग वर यायचं. आणि प्रोग्रॅम अडकला तर पेटेल असा एक वेगळा लाल दिवा. हे केलं नसेल तर गाडीत स्टेपर बसवू नये, स्पष्ट सांगते.

दुसरी गोष्ट सेन्सर कुठे बसवता त्याची. थर्मिस्टर पाण्यात बुडालेला असला तरच पाण्याचं तापमान सांगतो. होज फुटून पाणी निघून गेलं तर तो हवेत लटकतो आणि काटा खाली येतो. इंजिन भाजतंय आणि मीटर म्हणतोय गार! घाटात काटा अचानक पडला तर आनंद मानायचा नसतो, गाडी बाजूला घ्यायची असते. म्हणून काकांच्या गाडीत मी दोन सेन्सर लावले. एक मूळ जागी पाण्यात, दुसरा हेडच्या धातूला चिकटवून. दोघांचं पटेनासं झालं की लाल दिवा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत टेम्परेचरचा काटा मुद्दाम मध्यावर चिकटवलेला असतो. पाणी ८० अंश असो नाहीतर १००, काटा हलत नाही, कारण हलला की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिसिंगला येतं. कंपनीच्या दृष्टीने ठीक असेल. पण आपण स्वतः प्रोग्रॅम लिहितो तेव्हा काटा किती खरं बोलणार हे आपल्या हातात असतं. माझ्या वर्गातल्या एकाने सुचवलं, “मधला पट्टा रुंद ठेव, काका खूश राहतील.” काका खूश राहतील हो, पण गॅस्केट? मी काटा सरळ रेषेत ठेवला. आता तो चढाला चढतो, उताराला उतरतो, आणि काका दर वळणावर त्याच्याकडे बघतात. काकू म्हणतात, “रस्त्याकडे बघा जरा!” हाही धोका आहेच, नाकारत नाही.

उलट पेट्रोलच्या काट्याला थोडं मंद ठेवावंच लागतं. टाकीतला तरंगता फ्लोट वळणावर वरखाली होतो. जुनी द्विधातूची पट्टी सावकाश तापायची, सावकाश निवायची, त्यामुळे हे हेलकावे ती आपोआप गिळून टाकायची. थेट आकडा दाखवणारा डिजिटल मीटर लावला तर आंबेनळीच्या एका वळणावर १२ लिटर, पुढच्यावर ७. म्हणून वाचन अर्ध्या-एक मिनिटाच्या सरासरीने दाखवायचं. पूर्वीच्यांनी हे एका पत्र्याच्या पट्टीने केलं होतं, आपण त्याला ‘अल्गोरिदम’ म्हणतो. असो.

स्पीडोमीटरला मात्र मी हात लावला नाही. ओटो शुल्झेने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ती युक्ती, फिरणारा चुंबक आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी. वाटीला चुंबक शिवतसुद्धा नाही, नुसत्या भोवरा-प्रवाहाने ती ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. वीज नाही, बोर्ड नाही. चिखल साफ केला, केबल काढून रॉकेलमध्ये धुतली, ग्रीस लावलं, काटा चालू. जे दुरुस्त होतं ते बदलायचं कशाला? शिवाय किलोमीटरची मोजणी त्याच यंत्राच्या दातेरी चाकांवर चालते. इलेक्ट्रॉनिक मोजणीत आकडा हवा तो भरता येतो, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात हा उद्योग कसा चालतो ते सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना ते यंत्र बदलणं भागच आहे त्यांनी जुना आकडा, तारीख घालून, गाडीच्या कागदांत लिहून ठेवावा.

आमच्या भागात जुन्या जीपही बऱ्याच आहेत, त्यांचंही सांगते, कारण तिथे माझाच नियम मोडतो. जीपच्या डॅशबोर्डवर ॲमीटर असतो. स्टार्टर सोडून गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्यातून जातो, म्हणजे जाड वायर, बहुधा फ्यूजशिवाय, थेट तबकडीच्या मागे. नट सैल झाला की तिथे तापायला लागतं. वर नवे हेडलाइट, मोबाइल चार्जर, स्पीकर असा भार चढवला तर आगीला आमंत्रण. इथे व्होल्टमीटर बसवणं शहाणपणाचं, त्याला फ्यूजमधून बारीक वायर पुरते. पण मग तबकडी तीच ठेवून कसं चालेल? काटा व्होल्ट दाखवणार आणि आकडे अँपिअरचे! तबकडी बदलायलाच हवी. जुनी पुसून रंगवू नका, डब्यात जपून ठेवा आणि त्याच मापाची नवी छापून घ्या.

कायद्याचं विचारणारे असतात म्हणून एवढंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. काट्यामागची मोटर त्या तपशिलात येत नाही. जुलै २०२१ मध्येच व्हिंटेज गाड्यांचे केंद्रीय नियम आले, ते ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी. काकांच्या गाडीला त्या मानाला अजून वेळ आहे. पत्रा अखंड राहिला तर तेव्हा उपयोगी पडेल.

सध्या टेम्परेचरचा काटा आणि लाल दिवा चालू आहेत, एक पावसाळाही काढला. पेट्रोलचं काम बाकी आहे. टाकीतला सेंडर काढून रिकामी, पाव, अर्धी, पाऊण, भरलेली अशा पाच ठिकाणी रोध मोजायचा आहे, कारण प्रत्येक बनावटीच्या सेंडरचे ओहम वेगळे आणि मीटर दुसऱ्याचा लावला की अर्धी टाकी भरलेली दिसते. कोणाच्या घरी पद्मिनी, ॲम्बेसिडर किंवा जुनी जीप असेल तर सुट्टीत ही पाच वाचनं घेऊन यावीत, आपण सर्वांचा एक तक्ता करू आणि लॅबच्या भिंतीवर लावू. मल्टिमीटर मात्र आपापला वापरावा. माझा मागच्या सबमिशनला कोणीतरी नेलाय, तो अजून परत आलेला नाही.