आवडता लेखक

मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून वारंवार विचारला जातो, आणि उत्तरादाखल बहुधा बोधपर पुस्तकांची एखादी यादी पुढें ठेवण्यांत येते. आमच्या मतें यादीनें गोडी लागत नाहीं. मुलाला एक तरी लेखक आपला वाटला पाहिजे. तो सांपडला कीं पुढील पुस्तकें तें स्वतःच शोधूं लागतें.

महाराष्ट्रांत याची तजवीज पूर्वींच झाली होती. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांनीं ‘बालबोध’ मासिक काढलें. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं ‘आनंद’ सुरू केलें. मुलांसाठीं निराळें लिहिलें पाहिजे, ही जाणीव त्यांनीं आपल्या समाजांत रुजविली. हरि नारायण आपटे यांचें ‘करमणूक’ पत्र १८९० सालीं निघालें व त्यांतून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध झाल्या. पुढला अंक येईपर्यंत वाचकास कथानक मनांत घोळवीत बसावें लागे, आणि त्या अवधींत त्याची कल्पनाशक्ति आपोआप कामाला लागे.

साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली; १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. तिच्या प्रकरणांस ‘रात्र’ असें नांव आहे, कारण श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्रीं एकेक आठवण सांगतो. तें पुस्तक मुळांत ऐकण्यासाठींच योजलेलें आहे. आज आपल्यांतील पुष्कळ मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात. मराठी अक्षर त्यांना जड जातें, परंतु कान अद्याप मराठी आहेत. अशा मुलांना आईनें अथवा आजोबांनीं रोज चार पानें मोठ्यानें वाचून दाखवावींत. हें न झालें, तर आपल्या कपाटांतील पुस्तकें एका पिढीनंतर घरच्याच माणसांना परकीं होतील.

मुलाची आवड वडीलधाऱ्यांस नेहमींच पसंत पडते असें नाहीं. बाबूराव अर्नाळकरांनीं हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या नांवानें मोठ्यांनीं नाकें मुरडलीं, तरी मुलांनीं क्रमिक पुस्तकाच्या आड धरून त्या वाचल्याच. त्या कथांची वाङ्मयीन योग्यता कांहींही असो, एका बैठकींत शंभर पानें वाचण्याचा सराव त्यांनीं दिला, आणि ज्याला हा सराव झाला त्याला पुढें मोठ्या ग्रंथाची भीति वाटत नाहीं. तेव्हां मुलाच्या हातचें पुस्तक काढून घेऊं नये. त्याच्या शेजारीं दुसरें एखादें चांगलें पुस्तक ठेवावें आणि स्वस्थ राहावें.

आणखी एक गोष्ट. मूल तेंच पुस्तक दहा वेळां वाचूं लागलें कीं, “हें झालें ना वाचून?” असें आपण म्हणतों. परंतु पहिल्या वाचनांत गोष्ट पुढें ओढीत असते, शब्दांकडे पाहण्यास सवड नसते. शेवट ठाऊक झाल्यावरच वाक्याची लय, एखाद्या शब्दाची नेमकी जागा, लेखकाचा मिस्किलपणा मुलाच्या ध्यानीं येऊं लागतो. साहित्याचें प्रेम म्हणतात तें येथें जन्मास येतें; एरवीं उरतें तें केवळ गोष्टीचें कुतूहल.

म्हणून वाचकभगिनींस व बंधूंस आमची विनंती एवढीच कीं, पुस्तक मिटतांच मुलास तात्पर्य विचारूं नये. “यांतलें तुला पुनः काय वाचावेंसें वाटतें?” असें विचारावें, आणि तें पान त्याच्याकडून ऐकावें. ऐकतांना हातांतील काम मात्र बाजूला ठेवावें.