यंत्र आणि घर : चित्र अडते कुठे?

दिवाळीच्या चार दिवसांत घरात सर्वांत जास्त कोण राबते, असे विचारले तर गृहिणीचे नाव पहिले येईल, यात शंका नाही. दुसरा क्रमांक मात्र मी राउटरला देतो. बहीण-मेहुणे येतात, भाचरे येतात, आणि चहाचा कप हातात पडण्याआधी वाय-फायचा पासवर्ड विचारला जातो. दहा-बारा फोन त्या एका डबीला चिकटतात. रात्री जेवणे आटोपून मंडळी चित्रपटाला बसली, की ऐन रंगात पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागते. कोणी म्हणते टीव्ही जुना झाला, कोणी म्हणते इंटरनेटवाला लबाड आहे. घरचा कर्ता पुरुष मग दरमहा चार पैसे अधिक भरून मोठी योजना घेऊन मोकळा होतो. चक्र फिरायचे ते फिरतेच!

माझे म्हणणे असे, की पैसे खर्च करण्यापूर्वी एक तास खर्च करावा. रोग कुठे आहे हे न पाहता औषध घेणे शहाणपणाचे नव्हे.

प्रथम हे चक्र म्हणजे काय ते पाहू. आपण शहरातील माणसे टाकीवर जगणारी. नळाला पाणी येते ते ठरावीक वेळी. ते गच्चीवरच्या टाकीत साठते आणि दिवसभर आपण ते पुरवून वापरतो. टीव्हीही तेच करतो. पुढच्या काही सेकंदांचे चित्र तो आधीच आणून आपल्या टाकीत साठवतो. या टाकीलाच बफर म्हणतात. येणारी धार बारीक झाली आणि टाकी रिकामी पडली, की चित्र थांबते आणि चक्र फिरू लागते. म्हणजे दिवसाकाठी सरासरी किती पाणी आले याला महत्त्व नाही. मधेच किती वेळ धार तुटली याला आहे.

क्रिकेटचा सामना चित्रपटापेक्षा अधिक वेळा का अडतो, याचे उत्तरही यातच आहे. चित्रपट आधीच तयार असतो, त्यामुळे तो पुष्कळ साठवून ठेवता येतो. जो चेंडू अजून टाकलाच गेला नाही, तो साठवणार कसा? थेट प्रक्षेपणाची टाकी लहानच असते.

आता किती धार लागते? घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या एका मोठ्या चित्रपट-सेवेचे स्वतःचेच सांगणे असे, की फुल एचडी चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट आणि फोर-के चित्राला १५ मेगाबिट पुरतात. ज्याच्या घरी १०० मेगाबिटची योजना आहे, त्याला एका टीव्हीपुरते हे भांडवल भरपूर आहे. येथे एक खुलासा करतो. मेगाबिट आणि मेगाबाइट या सख्ख्या बहिणी नव्हेत. आठ बिट मिळून एक बाइट होतो. तेव्हा १०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल उतरवताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आत आकडा दिसला, तर कोणी फसवले असे समजू नये.

मग अडते कुठे? चित्राच्या प्रवासाचे तीन टप्पे धरावेत: बाहेरून राउटरपर्यंत, राउटरपासून टीव्हीपर्यंत, आणि टीव्हीच्या पोटात. पहिला टप्पा तपासायचा तर लॅपटॉप तारेने राउटरला जोडून वेग मोजावा. नंतर टीव्हीच्या शेजारी उभे राहून फोनवर वाय-फायचा वेग मोजावा. दोन्ही मापे रात्री नऊ-दहाच्या सुमारास, म्हणजे नेहमी अडते त्या वेळी घ्यावीत. तारेवर पूर्ण वेग आणि टीव्हीपाशी तुटपुंजा, असे निघाले तर दोष घरातच आहे, आणि मोठ्या योजनेने तो दमडीभरही कमी होणार नाही. तारेवरही वेग पडलेला असेल, तर खुशाल तक्रार करावी. आकडे हाती असले की समोरच्यालाही टोलवाटोलवी करता येत नाही.

घरातील दोषांत पहिला म्हणजे राउटरची जागा. जोडणी करणारा मुलगा जिथून तार आत घेतो, तिथेच डबी ठोकून जातो: दाराच्या वरती, माळ्याखाली, नाहीतर चपलांच्या कपाटात. वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. लोखंडी कपाट, आरसा, सळया घातलेली काँक्रीटची भिंत, पाण्याने भरलेली माशांची काचपेटी, या साऱ्यांपुढे त्या लंगड्या पडतात. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर आणि खांद्याच्या उंचीवर ठेवावा. फुकटचा उपाय आहे, आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

दुसरा दोष गर्दीचा. वाय-फायचे दोन पट्टे नित्य वापरात आहेत: २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ. पहिला लांब पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीत वीस बिऱ्हाडांचे वीस राउटर या तीन मार्गांवर दाटीवाटी करतात. त्यात ब्लूटूथही याच पट्ट्यातले, आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही याच्याच आसपास गुणगुणतो. वहिनी उपमा गरम करायला गेल्या आणि चित्र थांबले, हा योगायोग नव्हे. ५ गीगाहर्ट्झचा पट्टा रुंद आणि वेगवान आहे. भारतात त्यातला मोठा भाग २०१८ साली परवान्याविना वापरण्यास मोकळा झाला. मात्र त्याला भिंती फारशा सोसत नाहीत. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर डोळे मिटून हाच पट्टा घ्यावा.

तिसरा दोष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पाहुण्यांचे फोन वाय-फाय मिळताच दिवसभराचे फोटो गुपचूप वर पाठवू लागतात. टीव्हीकडे येणाऱ्या प्रत्येक मालाची पोच परत जावी लागते. जाणारा रस्ता फोटोंनी तुंबला की पोच उशिरा पोचते, आणि पाठवणारा हात आखडता घेतो. तासभर फोटोंची ही पाठवणी थांबवली, तर चित्रपट सुरळीत चालतो.

आणि ज्यांना शक्य असेल त्यांनी टीव्हीला सरळ तार जोडावी. तारेला ना भिंतीची भीती, ना शेजाऱ्याची. पण तारेलाही मर्यादा असते, हे आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी दिसून आले.

काकूंच्या नातीच्या लग्नाची फिल्म त्यांच्या मुलाच्या संगणकात आहे. टीव्ही ती तारेवरून, राउटरमार्फत दाखवतो. मंगलाष्टके सुरू झाली, की अक्षता पडतात तिथेच नेमके चित्र थांबे. त्याच क्षणी चित्रात काका हात उचलून अक्षता टाकत असतात. काका आता नाहीत. लग्नानंतर पाच महिन्यांत ते गेले, आणि त्यांचे हिंडते-फिरते असे शेवटचे चित्र हेच. "अरे, तेवढा भागच खराब झाला असणार," असे काकू मला म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा पाहायला त्यांचे मन होईना. मुलाने तोवर इंटरनेटची योजना दुप्पट करून टाकली होती.

मी राउटरला बाहेरून येणारी तार काढून ठेवली. फिल्म लागली, आणि त्याच जागी थांबली. म्हणजे इंटरनेटचा संबंधच नव्हता; फिल्म घरातल्या घरातच फिरत होती. मग तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीत लावला. अक्षता पडल्या, काकांचा हात खाली आला, चित्र पुढे गेले. म्हणजे फाइल धड, आणि टीव्हीही धड. उरली वाट. तीच तार लॅपटॉपला जोडली, तर १००० मेगाबिटची जोडणी दिसली. तार चांगली होती. टीव्हीचे तारेचे भोक मात्र १०० मेगाबिटचेच निघाले. पुष्कळ टीव्हींचे ते तेवढेच असते.

अक्षतांशीच का अडावे? फिल्म साठवताना जे बदलत नाही ते पुन्हा लिहिले जात नाही. बदलते तेवढेच लिहिले जाते. हवेत हजार दाणे उडाले, की चित्राचा कणन् कण बदलतो आणि धारेची मागणी एकदम वाढते. फोटोवाल्याने दिलेल्या त्या भारी फाइलची मागणी तिथे काही सेकंद १०० मेगाबिटच्या वर जात होती. रस्ता अरुंद, टाकी लहान; थांबणार नाही तर काय?

उपाय बिनपैशाचा होता. हँडब्रेक नावाची एक मोफत प्रणाली आहे. तिच्याकडून रात्रभरात २० मेगाबिटच्या आसपासची हलकी प्रत करून घेतली. प्रत करताना टीव्हीला समजेल अशीच, म्हणजे एच.२६४ पद्धतीची घ्यावी. नाहीतर दाखवता दाखवता संगणकाला भाषांतर करत बसावे लागते, त्याचा पंखा किंचाळू लागतो आणि अडखळणे नव्या वाटेने परत येते. योजना मुलाने पूर्वीसारखी करून घेतली. काकूंनी तो भाग तीनदा पाहिला, आणि काकांनी त्या दिवशी उपरणे कोणते घेतले होते यावरून मुलाशी वादही घातला.

वाचकांना शेवटी एवढेच सांगणे, की हलकी प्रत झाली म्हणून मूळ फाइल पुसू नये. ती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि एक डिस्क दुसऱ्या घरी असावी. टीव्ही आणि राउटर बदलता येतात; अशी चित्रे पुन्हा काढता येत नाहीत.