वरून ओळखणं हा खेळ आहे, निकाल नाही



हॉस्टेलातली पोरं मोबाईलवर एक खेळ खेळतात. उपग्रहाने वरून काढलेला फोटो बघायचा आणि ठिकाण ओळखायचं. खेळ चांगला आहे, भूगोल पक्का होतो. पण हाच खेळ साहेब लोक कचेरीत बसून आपल्या वनदाव्यांवर खेळतात. म्हणे, ‘फोटोत शेत दिसत नाही, दावा नामंजूर!’

त्या खेळात ‘सहाराचा डोळा’ हटकून येतो. मॉरिटानिया देशातलं सुमारे 40 किलोमीटर रुंदीचं गोल. आधी वाटलं, उल्का पडून झालेला खड्डा. जागेवर जाऊन दगड तपासले तेव्हा कळलं, जमीन खालून फुगली आणि वरून झिजत गेली. आपल्या बुलढाण्याच्या लोणारचं उलटं झालं. त्याला ज्वालामुखीचं तोंड म्हणत होते, दगडांनी सांगितलं की उल्काच पडली. म्हणजे शास्त्रज्ञांनासुद्धा नुसतं रूप बघून कळलं नाही, पायाखालचा दगड विचारावा लागला.

मग आपलं वरकस वरून कसं कळणार? नागली, वरई काढून जमीन विसाव्याला टाकली, त्या वर्षीच्या फोटोत झुडपंच दिसणार. बांधावर मोह, आंबा राखला, तर जंगल दिसणार. आणि त्या काळच्या सरकारी उपग्रहाच्या लिस-3 कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेतेवीस मीटरचा, म्हणजे जवळपास साडेपाच गुंठे. दहा गुंठ्यांचं शेत म्हणजे दोन ठिपके! दोन ठिपक्यांवर एका घराची भाकर ठरवणार?

कायदा तसं सांगत नाही. वनहक्क नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट आहे की उपग्रहाचा फोटो इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरायचा, त्यांच्या जागी नाही. जुन्या माणसांचा लेखी जबाब हा पुरावा आहे. बांध, विहीर, घर, मसणवट, देवाची जागा हेही पुरावे आहेत.

म्हणून वनहक्क समितीने जागेवर जाऊन पाहणी करावी आणि ती लिहून ठेवावी. म्हाताऱ्यांचे जबाब आजच घ्या, माणूस गेला की पुरावा गेला. फोटो दाखवून दावा फेटाळला, तर फोटोची प्रत, तारीख आणि नामंजुरीचं लेखी कारण मागा. 60 दिवसांत अपील करा.

साहेबांना फोटो बघायचाय, खुशाल बघू दे. पण मग खाली उतरून आमच्या बांधावर उभं राहायचं. तिथं ग्रामसभा बोलेल.

जिंदाबाद!