हेराक्लीस आला आणि गेला, तळं तिथंच राहिलं

ग्रीक पुराणकथांवरची कुठलीही रील उघडा. हेराक्लीस, बारा कामगिऱ्या, स्टिम्फॅलसचे पक्षी, तीन सेकंदांत खलास, पुढचा राक्षस आणा. मला या यादीचा राग येतो. तिच्यात गावच नसतं.

स्टिम्फॅलस हे आर्केडियाच्या डोंगरांतलं खरंखुरं शहर. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसेनियस हा प्रवासी तिथं गेला. आर्टेमिसच्या देवळात छताजवळ त्याला तेच पक्षी कोरलेले दिसले. देवळामागे पांढऱ्या संगमरवरातल्या मुली, त्यांचे पाय पक्ष्यांचे. वीरानं ज्यांना हुसकावलं, त्यांना गावानं देवीच्या घरात जागा दिली होती!

त्याच्याच काळातली म्हणून आणखी एक गोष्ट तो सांगतो. देवीच्या उत्सवात हयगय झाली. पाणी जमिनीखाली जायचं त्या विवराच्या तोंडाशी लाकडं अडकली आणि सगळं मैदान पाण्याखाली गेलं. मग हरणामागे धावणाऱ्या एका शिकाऱ्यानं पाण्यात उडी घेतली. विवरानं हरीण गिळलं, शिकारी गिळला, आणि एका दिवसात पाणी ओसरलं. उत्सव पुन्हा जोरात सुरू झाला. इथं हेराक्लीस कुठंच नाही. आहे ती तुंबलेल्या पाण्याची भीती आणि नाव नसलेला एक शिकारी.

यावर हुशार मंडळी लगेच म्हणतात, ‘अच्छा, म्हणजे राक्षस म्हणजे पूर!’ नाही हो. हीसुद्धा गावाला गप्प करायचीच तऱ्हा. (पौसेनियसलाही आधी या कथा खुळचट वाटायच्या. आर्केडियात आल्यावर मत बदललं, असं तोच लिहितो.) कथेचा अर्थ काढून घेतला की कथा सांगणाऱ्यांची गरज उरत नाही.

तेगेआचं बघा. कॅलिडॉनच्या रानडुकराला पहिला बाण मारणारी अटलांटा आपली, असं हे गाव मानायचं. म्हणून त्या डुकराचं कातडं आणि सुळे अथेना अलेआच्या देवळात जपलेले. अँटनीला हरवल्यावर ऑगस्टसनं देवीची हस्तिदंती मूर्ती उचलली, सुळेही नेले. रीलवाल्यांचं काम याहून वेगळं नाही, चमकतं तेवढं उचलायचं. रोममध्ये त्यातला एक सुळा मोडला, दुसरा सुमारे तीन फुटांचा, तो तिथल्या बागेतल्या देवळात ठेवलेला. तेगेआत पौसेनियसनं पाहिलं तेव्हा कातडं कुजलं होतं, त्यावर एक केस उरला नव्हता. लोकांनी ते देवळातून काढलं मात्र नव्हतं.